भांडं पडायची जागा

आमच्या चर्चमध्ये एक मेलेला माणूस गातो, ही बातमी मला सगळ्यात आधी दिली ती मिसेस प्रिचर्डनी, आणि त्यांना ऐकू येत नसे. अगदीच येत नसे असं नाही; कानामागे श्रवणयंत्र होतं आणि समोरून बोललं तर त्या ओठांवरून निम्मं ओळखत. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. लंडनच्या कडेला असलेल्या पिनरच्या त्या दगडी चर्चमध्ये पुढून दुसऱ्या बाकावर मी त्यांच्या शेजारी बसायची, त्यांना गीतांची पानं काढून द्यायला. खरं तर पानं त्यांना माझ्या आधी सापडत. मलाच तिथे बसायला काहीतरी निमित्त हवं होतं, कारण माझ्या घरची माणसं बसायची ती पार मागे, काचेच्या आड.

ती काच कुठून आली हे सांगायचं तर आधी आमच्या रविवारच्या सकाळी सांगायला हव्यात. आई पहाटेच मटणाला वाटण लावून ठेवायची, त्यामुळे आमचे चर्चचे कपडे कितीही इस्त्रीचे असले तरी त्यांना खोबऱ्या-कांद्याचा वास असायचाच. मग पप्पा दादाला टाय बांधायला घ्यायचे. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ अभय, बावीस वर्षांचा होता आणि पप्पांपेक्षा वीतभर उंच. तो हनुवटी वर करून शांत उभा राहायचा, आणि गाठ मनासारखी बसली नाही की पप्पा ती सोडून पुन्हा बांधायचे. निघताना आई त्याच्या खिशात खडीसाखर टाकायची. तोंडात काहीतरी असलं म्हणजे तोंड मिटलेलं राहील, एवढाच हिशेब. "दादा, आज शांत बसायचं हं," असं आम्ही तिघंही त्याला पाळीपाळीने सांगायचो. तो ऐकायचा की नाही कोण जाणे, पण ऐकलेलं काहीही तो कधी विसरला नाही.

दादा स्वतःचं असं एक वाक्य आयुष्यात बोलला नाही. तो ऐकलेलं परत द्यायचा, कधी तासाने, कधी वर्षाने, पण जसंच्या तसं. धुण्याचं मशीन थांबतानाची शिटी, लंडनच्या ट्यूब रेल्वेतली सूचना, शेजारच्या बाईंचं शिंकणं. आणि या सगळ्यांच्या वर आजोबा. आमचे आजोबा नगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतून सायकलवर फिरून उपदेश करायचे आणि स्वतःच रचलेली भजनं म्हणायचे. दादा दोन वर्षांचा असताना त्यांनी त्याच्यासाठी एक कॅसेट पाठवली होती, स्वयंपाकघरात बसून भरलेली. आधी ते दोनदा खोकतात. मग म्हणतात, "हं, बाळा, म्हण." मग भजन सुरू होतं: "दिवा ठेव गा, येतोच आहे." दुसऱ्या कडव्यात मागे कुठेतरी आजीच्या हातून भांडं पडतं, ते गरगरत राहतं, आजोबा थांबतात, भांडं निपचित झालं की पुढचं कडवं धरतात. दादा अकरा वर्षांचा असताना प्लेअरने ती कॅसेट खाल्ली. आजोबा त्याच्या आधीच गेले होते, आणि पप्पा त्यांच्या मातीला जाऊ शकले नव्हते; पासपोर्ट व्हिसाच्या कागदांबरोबर अडकला होता. तेव्हापासून ती कॅसेट दादाच्या गळ्यात होती. खोकल्यासकट. भांड्याच्या जागी तो थांबायचा, नेमका तेवढाच वेळ. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. नऊ सेकंद.

ते ऐकताना काय वाटायचं हे आजही मला धड सांगता येत नाही. बावीस वर्षांच्या तोंडातून सत्तर वर्षांचा गळा यायचा. पाहुणे आलेले असले तर त्यांचा चहाचा कप हवेतच राहायचा. आम्ही मात्र सरावलो होतो. आई कांदा चिरत राहायची.

पूर्वी आम्ही सगळ्यांबरोबर बाकांवरच बसायचो. पण दादाला शांतता नेमकी सापडायची. पापकबुलीची प्रार्थना संपून पाळकसाहेब थांबले, चर्चभर टाचणी पडली तरी ऐकू येईल असं झालं, की दादा दोनदा खोकायचा. कोणी काही बोललं नाही. या देशात कोणी काही बोलत नाही, हीच तर पंचाईत आहे. फक्त कोणी मागे वळूनही पाहायचं नाही, आणि ते न वळणं आम्हाला पाठींवरून वाचता यायचं. एके दिवशी पाळकसाहेब आमच्या घरी आले, आईच्या दोन करंज्या खाल्ल्या आणि म्हणाले, तुमच्यासाठी आम्ही काहीतरी योजलंय. चर्चच्या मागच्या बाजूला कॉयरमधल्या गायकांची झगे घालायची जुनी खोली होती. तिची एक भिंत काढून तिथे जाड काच बसवायची, आत गालिचा, मऊ खुर्च्या, आणि उपासना ऐकू यावी म्हणून एक स्पीकर. "तुम्हाला तिथे मोकळं वाटेल," ते म्हणाले. आईने चार वेळा थँक यू म्हटलं. पप्पा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. वायरिंग मी करून देतो, असं त्यांनी लगेच सांगितलं.

माणसं भली होती, हे मी आजही म्हणते. पन्नाशीनंतर नोकरी कमी करून मी आता चर्चेसमधून फिरते, अपंग माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना सामावून कसं घ्यायचं ते शिकवते. बऱ्याच ठिकाणी मला अशी खोली कौतुकाने दाखवतात. मी आत जाऊन बसते आणि त्यांना बाहेरून बघायला सांगते. मी दिसते का, एवढंच विचारते.

कारण आमची काच सकाळच्या वेळी आरपार दिसत नसे. पूर्वेची रंगीत खिडकी तिच्यात उतरायची. मी पुढच्या बाकावरून वळून पाहिलं तर मागे लाल-निळे संत उभे असायचे आणि त्यांच्या पायाशी आम्हा सगळ्यांचे चेहरे. एखादा ढग आला की त्या संतांच्या पोटातून आई, पप्पा, दादा असे तिघं उमटायचे, खुर्च्यांवर ताठ बसलेले. ऊन आलं की पुन्हा नाहीसे. प्रभुभोजनाची भाकर पाळकसाहेब शेवटी तिकडे घेऊन जायचे, दार अर्धवट उघडून. उपासना संपल्याबरोबर तिघं बाजूच्या दाराने निघून जायचे, दादाला गर्दी नको म्हणून. चहाला मी एकटीच थांबायची. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. आत न बसणारी, एखाद्या इंग्लिश म्हातारीची नात शोभावी अशी मी.

आणि अशाच एका रविवारी, पापकबुलीनंतरच्या शांततेत, मिसेस प्रिचर्डनी माझं मनगट धरलं.

"तुला ऐकू आलं?" चहाच्या वेळी त्यांनी विचारलं. त्या मूळच्या वेल्सच्या, शब्दांना हेल द्यायच्या.

"काय?"

"कोणीतरी गातंय. म्हातारा माणूस. गेले दोन महिने, दर रविवारी, सगळे गप्प झाले की. इंग्लिश नाही, वेल्शही नाही. ते मला कळलं असतं. मध्येच थांबतो. कोणाची तरी चाहूल लागल्यासारखा. मग पुन्हा गातो." त्या हसायला गेल्या, पण जमलं नाही. "माझे मिस्टर चॅपलमध्ये गायचे. आधी वाटलं तेच बोलवायला आले. पण त्यांचा आवाज नाही हा. मग हा दुसराच कोण मला बोलवायला आलाय?"

पहिला विचार दादाचाच आला. पण दादा चाळीस फुटांवर, बंद काचेमागे होता, आणि त्यांच्या शेजारी बसून धडधाकट कानांनी मला श्वासाइतकंही काही ऐकू आलं नव्हतं. मग दुसरा विचार आला, आणि तो महिनाभर गेला नाही. आजोबा आले होते. ज्या मुलाने येऊन माती दिली नाही, त्याला शोधत आले होते, आणि तो काचेआड असल्यामुळे त्यांना सापडत नव्हता.

घरी काही बोलले नाही. पुढच्या रविवारपासून मी बाकावर त्यांच्याकडे जरा वळूनच बसायला लागले. शांतता सुरू झाली की मी मिसेस प्रिचर्डच्या चेहऱ्याकडे बघायची. त्यांच्या डोळ्यांत कोणीतरी खोलीत आल्यासारखं व्हायचं. त्यांची मान किंचित डोलायची, मग थबकायची. मी मनात मोजायची. नऊवर मान पुन्हा डोलायची.

मग कळलं, त्या एकट्या नव्हत्या. पुढच्या बाकांवरच्या आणखी दोघा म्हाताऱ्यांनाही तो ऐकू येत होता, आणि तिघांनीही आपल्याला वेड लागलंय या भीतीने तोंड बंद ठेवलं होतं. एकदा फुटल्यावर बातमी चहाच्या टेबलावरून गावभर झाली. मधल्या वाटेखाली एक जुने पाळक पुरलेले होते, त्यांच्यावर आळ आला. एक कुटुंब त्या बाजूचे बाक सोडून दुसरीकडे बसायला लागलं. कोणीतरी पाळकसाहेबांना म्हणालं, तिथे प्रार्थना करून घ्या, जे काय आहे त्याला शांत करा. पाळकसाहेबांना हे सगळं पटत नव्हतं, पण माणसं घाबरलेली दिसत होती. पुढच्याच्या पुढच्या रविवारी करू म्हणाले.

मधल्या रविवारी मिसेस प्रिचर्डच्या यंत्राची बॅटरी संपली. त्यांची बोटं सांध्यांनी वाकडी झालेली, म्हणून बॅटरी नेहमी मीच बदलायची. बदलली, आणि चालू झालं का पाहायला ते यंत्र स्वतःच्या कानाला लावलं. त्याच वेळी पाळकसाहेब थांबले. चर्च गप्प झालं.

कोणीतरी माझ्या डोक्याच्या आत खोकलं. दोनदा.

"हं, बाळा, म्हण."

आजोबा कानात गात होते, इतके जवळ की त्यांचा श्वास लागावा. भोवती दीडशे माणसं डोळे मिटून बसलेली, आणि त्या दोघा म्हाताऱ्यांखेरीज त्यांच्यातल्या कोणालाही पत्ता नाही. मी मागे वळले. काचेत संत उभे होते. मग ढग आला, संत विरले, आणि आत दादा दिसला. आई मांडीवरच्या हातांकडे बघत होती. दादाचे ओठ हलत होते, जेमतेम. दुसरं कडवं आलं. कानातला आवाज थांबला, ओठ थांबले. मी मोजत राहिले. नऊवर दोन्ही एकदम सुरू झाले.

तेव्हा मला ती वायर आठवली. काच बसली त्या शनिवारी स्पीकर जोडताना मीच टॉर्च धरून उभी होते. कॉयरच्या काळातला एक जुना माइक खोलीच्या कोपऱ्यात छताला तसाच राहिला होता. पप्पांनी काम संपल्यावर त्याचीही वायर खाली ओढून चर्चच्या ध्वनियंत्रणेच्या कपाटातल्या एका नाव नसलेल्या छिद्रात खोचली होती. मी विचारलं तर म्हणाले, "असू दे." ऐकू कमी येणाऱ्यांसाठी अशा चर्चेसमध्ये गालिच्याखालून एक तार फिरवलेली असते, यंत्रावरचं बारीक बटण सरकवलं की त्या तारेतलं थेट कानात येतं, बाकी कोणाला काही नाही. ते छिद्र त्या तारेचं होतं.

दुपारी जेवताना मी सगळं सांगितलं. आईने भाकरी तव्यावरच ठेवली. पप्पांचा घास हातात राहिला.

"अहो, तुम्ही मुद्दाम जोडलीत?" आईने विचारलं.

"मला वाटलं ते छिद्र डेड आहे," पप्पा म्हणाले. "कुठे जाईल असं नव्हतंच वाटलं. फक्त जोडलेला असावा. सगळ्यांचे आवाज आत येतात, त्याचाही बाहेर… निदान वायरीत तरी जावा. मूर्खपणा झाला."

दादा मटणातलं हाड चोखत होता.

"मग सांगून टाकू या ना त्यांना," मी म्हटलं.

"नको! सुनू, कोणाला नाही बोलायचं." पप्पांचा आवाज मी असा घाबरलेला कधी ऐकला नव्हता. "म्हातारी माणसं घाबरली आहेत, ती आपल्यामुळे हे कळलं तर ती खोलीपण जाईल. मग त्याला घेऊन कुठे बसायचं? तिसरं चर्च आहे हे आपलं."

तिसरं. ते मला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

शनिवारी आम्ही दोघं गेलो. रिकामं चर्च फार थंड असतं. पप्पांनी कपाट उघडलं, मी टॉर्च धरला. पकडीत वायर धरून ते कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मी काहीतरी बोलेन असं त्यांना वाटत असावं. मी काही बोलले नाही, आणि याची लाज मला अजून वाटते. कट् असा बारीकसा आवाज झाला. कापलेला तुकडा त्यांनी घडी करून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पापकबुली झाल्यावर पाळकसाहेब मधल्या वाटेत, आमच्या बाकाशी येऊन उभे राहिले. लोक उठले. त्यांनी हलक्या आवाजात प्रार्थना केली: जो कोणी अस्वस्थ होऊन इथे भटकत असेल, त्याला विसावा दे. मग शांतता. मिसेस प्रिचर्ड कानावर बोटं ठेवून वाट पाहत होत्या. मीही. नऊ सेकंद गेले, मग आणखी नऊ.

"गेला," त्या म्हणाल्या. ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा, मोठ्याने. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "गेला बिचारा. निरोपसुद्धा नाही घेतला कोणी त्याचा."

"आमेन," सगळं चर्च म्हणालं. इतकं सुटल्यासारखं आमेन मी तिथे कधी ऐकलं नव्हतं.

ते मला सहन झालं नाही. मी बाकावरून वाटेत आले आणि म्हटलं, "तो गेलेला नाहीये. तो माझा भाऊ आहे. त्याचं नाव अभय. तो तिथे बसलाय." आणि मागे बोट दाखवलं.

पहिल्यांदाच सगळे एकदम मागे वळले. काचेत लाल-निळे संत होते आणि आमचेच दीडशे चेहरे आमच्याकडे बघत होते. तिथे कोणीही नव्हतं. लोक पुन्हा माझ्याकडे बघायला लागले, काळजीने, आणि एक क्षणभर मलाही वाटून गेलं की नसेलच कोणी. आम्हाला दादा नव्हताच कधी.

मिसेस प्रिचर्डनी काठी उचलली. माझ्या ओठांवरून त्यांनी वाचलं होतं. सगळ्या चर्चमधून त्यांची काठी टक टक करत मागे गेली, कोणी हललं नाही. त्यांनी काचेचं दार धरलं आणि पुरतं उघडलं.

आजोबांचा आवाज बाहेर आला. वायरीशिवाय, दगडी कमानींत घुमत. "दिवा ठेव गा, येतोच आहे." पुढच्या रांगेतल्या कोणीतरी "ओ माय गॉड" म्हटलं. आत आई उभी राहिली होती, दादाचं तोंड झाकायला अर्धा उचललेला हात तसाच. पप्पांनी तो हळूच खाली घेतला. दादा कोणाकडेच बघत नव्हता. त्याचं दुसरं कडवं आलं, तो थांबला, आणि त्या थांबण्यात मिसेस प्रिचर्ड त्याच्या शेजारच्या खुर्चीकडे बोट करून म्हणाल्या, "इज धिस सीट टेकन, लव्ह?" मग बसल्या. नऊ झाले, आणि तो पुढे म्हणायला लागला.

लगेच सगळं गोड झालं असं समजू नका. दोन कुटुंबं चर्च सोडून गेली. पप्पांना वायरीबद्दल सगळ्यांसमोर सांगावं लागलं. पण दार पुन्हा लागलं नाही, आणि वर्षभराने काचही निघाली. आम्ही पुढून दुसऱ्या बाकावर बसायला लागलो, दादा मिसेस प्रिचर्डच्या डाव्या हाताला. पापकबुलीनंतरची शांतता पाळकसाहेब दादाचं भजन संपेपर्यंत धरायचे. लोकांच्या ते इतकं अंगवळणी पडलं की नवे लोक चक्रावायचे. पुढे मिसेस प्रिचर्ड वारल्या. त्यांच्यानंतरच्या तिसऱ्या की चौथ्या रविवारी त्यांच्या रिकाम्या जागेवर एक नवखी मुलगी येऊन उभी राहिली, आणि दादा, समोर बघत, त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच हेलात म्हणाला, "इज धिस सीट टेकन, लव्ह?" सगळा बाक गारठला. ती मुलगी मात्र "नो" म्हणून बसली.

दादा गेल्या हिवाळ्यात गेला, छातीत कफ भरून. पप्पा आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत, आई नाही. माझ्याही कानामागे यंत्र आलंय. दादाच्या मातीच्या दिवशी मी दुसऱ्या बाकावर बसून ते बारीक बटण सरकवलं, सवयीने. पापकबुली झाली, पाळक थांबले. आणि सगळं चर्च थांबून राहिलं, नेहमीसारखं. शवपेटी समोर होती. कोणी ती शांतता मोडेना, कारण ती मोडणारा पेटीत होता. एवढे आवाज त्याच्याबरोबर जाणार, आजोबांचा, मिसेस प्रिचर्डचा, हे मला तेव्हा कळलं, आणि रडूही येईना.

कोणीतरी माझ्या डोक्याच्या आत खोकलं. दोनदा.

मी यंत्रावर बोट ठेवलं. मग वर पाहिलं. पप्पा काठी टेकत माइकपाशी जाऊन उभे होते. आयुष्यभर त्यांनी दादाला गप्प बस म्हटलं होतं, आणि त्यांना गाणं कधीच येत नव्हतं. ते माझ्याकडे बघत होते.

"हं, बाळा," ते म्हणाले, "म्हण."

मी उभी राहिले आणि म्हणायला लागले. माझ्यामागून पप्पा, बेसूर. दुसऱ्या कडव्यात भांडं पडायची जागा आली. आम्ही दोघंही थांबलो, ते निपचित होईपर्यंत, आणि मग पुढचं कडवं धरलं.